बैल दहाला सुटतो, माणसाचे काय?



आखाजी झाली. घागरी पुजून झाल्या, झोके उतरले, माहेरवाशिणी परत सासरी गेल्या आणि सालदारांची नवी साले ठरली. आता खान्देशात पाऊस येईपर्यंत उरते ते ऊन. धरणगावाहून चोपड्याच्या रस्त्याला दुपारी एक वाजता निघा, कुत्रेसुद्धा सावली सोडून उठणार नाही. हिरवळीची आणि फुलापाखरांची गाणी लिहिणारे बालकवी १८९० साली याच गावात जन्मले, याचे मला दर मे महिन्यात नवल वाटते.

दरवर्षी या सुमारास मी नांगरटीवर, माती परीक्षणावर, नाहीतर बियाण्याच्या उगवणशक्तीवर लिहितो. या खेपेस माणसावर लिहितो आहे. त्याला कारण आहे, आणि ते माझ्या अंगाशी आलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आखाजीनंतर आठ दिवसांनी गिरणाकाठच्या एका गावात मी माती नमुन्याचे प्रात्यक्षिक ठेवले होते. वेळ सकाळी साडेआठची. तीस-बत्तीस शेतकरी वेळेवर आले. वरून येणारे साहेब मात्र साडेअकराला पोहोचले. ते आल्याशिवाय सुरुवात करायची नाही असे मला वाटले, ही चूक माझी. मग भर उन्हात, नांगरलेल्या काळ्या रानात, आम्ही नागमोडी चालत खड्डे घेऊ लागलो. खड्डे खणायला यजमानांचा नवा सालदार होता. वय चाळीस-पंचेचाळीस, अंगाने काटक. साल ठरून आठच दिवस झालेले, त्याआधी तो सुरतेला गोदामात हमालीला होता. नव्या मालकापुढे आणि साहेबांपुढे "मला गरगरते" असे तो कसा म्हणणार?

सहाव्या की सातव्या खड्ड्याशी त्याने कुदळ माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "साहेब, बैल पाण्यावर न्यायचे राहिले." बैल तर साडेनऊलाच सोडलेले होते आणि बांधावरच्या निंबाखाली रवंथ करीत होते. आम्ही हसलो. दोन पावले टाकून तो लडखडला. कोणी म्हणाले, "सकाळीच घेऊन आला वाटते." कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. एकाने तांब्या तोंडाला लावला, तेव्हा ठसका लागून पाणी नाकातून आले. अंगाला हात लावला तर चटका बसावा असे अंग, आणि घाम नाही.

यजमानांच्या आई सत्तरीच्या. त्या झाडाखालून ओरडत आल्या, "बैल सावलीमां बांधात, आन् मानूस उनमां उभा करा! पहिले आंगवर पानी टाका त्याना!" तेव्हा कुठे आमचे डोके चालले. एकाने ठिबकची नळी उपसून त्याच्या अंगावर सोडली, पण काळी नळी सकाळपासून उन्हात पडलेली, पहिले पाणी चहासारखे कढत आले. ते तसेच वाहू देऊन मग गार पाणी धरले. पुढे मोटारीजवळच्या हौदात त्याला गळ्यापर्यंत बसवले, दोघांनी काखेत हात घालून धरून ठेवले आणि आजींनी पदराने वारा घातला. १०८ ची गाडी येईपर्यंत तो डोळे उघडून ऊं-ऊं करू लागला होता. आठ दिवस दवाखान्यात राहून तो परत आला, देवाची कृपा. डॉक्टर म्हणाले, "हौदाने वाचवला. तसाच जीपमध्ये घालून आणला असता तर वाटेतच गेला असता."

त्या दिवशीच्या अहवालात मी काय लिहिले ते सांगतो : "उपस्थिती ३२. कार्यक्रम यशस्वी."

म्हणून हा लेख.

आधी शरीराचे काम कसे चालते ते पाहू. आपल्या घरातला माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते आणि सुकताना माठातली उष्णता घेऊन जाते. माणूस हा चालता माठच आहे. शरीराची आतली उष्णता ३७ अंशांच्या आसपास राहावी लागते. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घाम सुकणे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात कुदळ मारणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे माठ रिकामा होत असतो. माठ रिकामा झाला की पाझर थांबतो, आणि पाझर थांबला की आतले तापते.

आता खान्देशाची गोम इथे आहे. आपल्याकडचे ऊन कोरडे. मुंबईत माणूस घामाने निथळतो, म्हणून त्याला कळते की पाणी जाते आहे. आपल्याकडे घाम आला की लगेच सुकतो. सदरा कोरडा, कपाळ कोरडे, फक्त पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटतो. माणूस म्हणतो, "मला घामच येत नाही, मला ऊन बाधत नाही." तो नकाशा पाहा, आणि लघवीचा रंग पाहा. ती काळ्या चहासारखी झाली तर माठ तळाला गेला असे समजा.

दुसरी एक गैरसमजूत. वर्तमानपत्रात "जळगाव ४४ अंश" असे छापून येते. हे मोजमाप उन्हातले नसते. तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, सावलीत असतो. सपाट मुलखात ४० च्या वर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त झाले, किंवा सरळ ४५ झाले, की हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते आणि ४७ ला तीव्र लाट. पण तुमचे पाय ज्या काळ्या उघड्या ढेकळांवर असतात ती जमीन दुपारी ६० च्याही वर तापते. अनवाणी काम करणाऱ्या बायामाणसांना मालकाने चपला घेऊन द्याव्यात, खर्च फार नाही.

गंमत बघा. ज्या शेतकऱ्याला वाटते की उन्हाला काही उपाय नाही, त्याच्याच केळीच्या बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत असते. गरम वाऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून तो लागवडीबरोबरच ती लावतो. कोवळ्या आंब्याच्या रोपाला तुराट्यांचा आडोसा करतो. म्हशीला डोबात सोडतो. बैलाचे तर वेळापत्रकच ठरलेले : पहाटे जुंपायचा, दहाच्या आत सोडायचा, चारनंतर परत. हे त्याला कोणी पदवीधराने शिकवलेले नाही. बैल बसला तर हंगाम बसतो हे त्याला ठाऊक आहे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि त्यांच्याबरोबर दहाची सुट्टीही गेली. ट्रॅक्टरला ऊन लागत नाही. त्याच्यामागे ढेकळे फोडणाऱ्याला आणि ठिबकच्या नळ्या पसरणाऱ्याला लागते.

तेव्हा माझे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सांगणे वेळेचे आहे. पाणी, टोपी, कांदा, पन्हे हे सगळे त्यानंतर. मे महिन्यात शेतातले अंगमेहनतीचे काम पहाटे साडेपाचला सुरू करावे आणि साडेदहाला थांबवावे. उरलेले साडेचारनंतर. यावर दोन अडचणी मला लोक नेहमी सांगतात. एक मजुरीची. "पाच तासांची रोजी कशी द्यायची, साहेब?" मी म्हणतो, पहाटेच्या पाच तासांत जेवढ्या नळ्या पसरल्या जातात तेवढ्या दुपार धरून सात तासांतही होत नाहीत, एकदा मोजून पाहा. पूर्ण रोज द्या. आणि उक्ते काम देत असाल तर जास्त सावध राहा, कारण उक्त्यात माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम होतो आणि पाणी प्यायलाही थांबत नाही.

दुसरी अडचण विजेची, आणि ती खरी आहे. शेतीची वीज पाळीने येते. ज्या आठवड्यात दिवसाची पाळी, त्या आठवड्यात मोटार चालू करायला आणि व्हॉल्व्ह फिरवायला ऐन दुपारी जावे लागते. ज्यांना परवडेल त्यांनी मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवावा. नाही परवडत त्यांनी निदान व्हॉल्व्ह सकाळीच लावून यावेत आणि मोटारीपाशी चार खांबांची झोपडी उभारावी. दुपारी गेलात तर तिथेच थांबा, लगेच परतीच्या उन्हाला लागू नका.

उन्हाची ही गोष्ट आता सरकारदरबारीही पोहोचली आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस जळगाव जिल्ह्यात आणि तिकडे अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावे लागले. दंग्याधोप्यासाठीचे कलम उन्हासाठी लागले, असे मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिले. पण आदेश बांधापर्यंत येत नाही. बांधावर तुमचाच आदेश चालतो.

नव्या माणसाला जास्त जपा. उन्हाची सवय अंगाला लागायला आठ ते चौदा दिवस जातात. तेवढ्यात शरीर लवकर घाम सोडायला आणि घामातले मीठ राखायला शिकते. म्हणून सुरतेहून, पुण्याहून आलेला मुलगा, आखाजीला लागलेला नवा सालदार, आजारातून उठलेला माणूस यांना पहिल्या दिवशी अर्धेच काम द्यावे आणि मग रोज थोडे वाढवावे. आमच्या सालदाराच्या बाबतीत हेच चुकले होते. गोदामाच्या सावलीतला माणूस आठव्या दिवशी मे महिन्याच्या रानात उभा केला.

आता पिण्याचे. तहान लागेपर्यंत थांबू नका, तहान उशिरा लागते. कामावर असताना दर वीस मिनिटांनी एक पेला. एकदम तांब्याभर ओतून घेतल्याने पोट डचमळते. आणि दिवसभर नुसतेच पाणी प्यायले तर पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामाबरोबर मीठ गेलेले असते. त्याला आपल्या घरातले उपाय उत्तम आहेत : मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत. जुलाब-उलट्या असतील तर मात्र अंदाजपंचे करू नका. दवाखान्यातली क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात, नाहीतर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ही साधी गोष्ट समजू नका. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याची हजारो माणसे वाचवली. ज्यांना रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि दारू मे महिन्यात तरी शिवू नये. ती अंगातले पाणी काढते आणि शुद्धही घालवते. मग ऊन लागले की दारू चढली हे कोणालाच कळत नाही.

खिशातल्या कांद्याबद्दल मला विचारतात. कांदा भाकरीबरोबर खा, छान लागतो. खिशातल्या कांद्याने अंगाचा ताप उतरत नाही. बरोबर ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नका.

घरातल्या उन्हाबद्दल बायांना विचारावे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती होत्या, पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, दुपारी आत शिरले की जीव निवायचा. आता पत्रे आणि स्लॅब. ते काढा असे मी म्हणणार नाही, धाब्याची गळती मीही लहानपणी सोसली आहे. पण स्लॅबवर किंवा पत्र्यावर एप्रिलमध्येच चुन्याचे दोन घट्ट हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, आतला उकाडा दोन-चार अंशांनी उतरतो. पत्र्यावर पऱ्हाट्या मात्र टाकू नका. एक तर आग लागण्याची भीती, आणि दुसरे म्हणजे त्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी तुमच्याच घरावर उन्हाळा काढते. (हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, क्षमा असावी.)

याच दिवसांत पापड, कुरडया, बिबडे, शेवया ही वर्षाची बेगमी चालते. घाटा शिजवायचा चुलीवर, वाळवायचे धाब्यावर, म्हणजे बाईला दोन्हीकडून आच. आमच्या घरी आता घाटा पहाटे चारला चुलीवर चढतो आणि सातला बिबडे पसरून सगळ्या जणी खाली येतात. दुपारी राखणीला वर कोणी बसायचे नाही, वर जुने पातळ ताणून बांधायचे. पक्ष्यांनी दोन बिबडे नेले तर नेले.

पंख्याचे एक लक्षात ठेवा. हवा चाळीसच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर भट्टीचा वारा घालतो. अंग ओल्या फडक्याने पुसा, मग पंखा लावा, तेव्हा तो माठासारखा गारवा देईल. कुलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. आणि त्यात पाणी भरताना बटण बंद करून पिन काढा. लोखंडी कुलरच्या धक्क्याने घरोघरी अपघात होतात. म्हातारी माणसे तहान सांगत नाहीत आणि लहान मुलांना सांगता येत नाही, त्यांना तासातासाला हाक मारून पाजावे लागते.

लग्नसराईबद्दल थोडक्यात. बारा पस्तीसचा मुहूर्त, लग्न लागते अडीचला, आणि तोवर नवरदेवापुढे पोरे डांबरी रस्त्यावर नाचतात. गोरज मुहूर्त शास्त्रात आहे, तो धरावा. माझ्या मुलीचे लग्न मी सायंकाळी लावले, काही भाऊबंद रुसले. पंगतीला मात्र सगळे होते.

आता मूळ गोष्ट, ऊन लागले तर काय करायचे. डोके दुखणे, मळमळ, गोळे येणे, चक्कर, एवढ्यावर असेल तर माणसाला सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंग ओले करा, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्या. अर्ध्या तासात उतार पडला पाहिजे. पण माणूस भलतेच बोलू लागला, ओळख विसरला, चिडला, लडखडला, झटके आले, की तो उष्माघात समजा. घाम असो वा नसो. कष्ट करताना ऊन लागलेल्याला पुष्कळदा घाम असतोच, त्याने फसू नका. बरळणे ही खूण. अशा वेळी मिनिटांचा हिशेब असतो. १०८ ला फोन एकाने करावा आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता त्याला तिथेच गार करावे. हौद असेल तर हौदात, दोघांनी डोके वर धरून. हौद नसेल तर बादल्यांनी अंगावर पाणी आणि वारा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर निजवा. तापाची गोळी देऊ नका. हा ताप त्या गोळीला दाद देत नाही, उलट यकृताला अपाय होतो.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट, कारण ती लोकांच्या लक्षात येत नाही. रोहिणी सरून मृग लागतो, पारा दोन-चार अंश उतरतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण तेव्हा हवा दमट झालेली असते. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो, आणि गळालेला घाम गारवा देत नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईजवळ खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा चाळीसच्या आत होता, तरी उघड्यावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ माणसे उष्माघाताने गेली. समुद्राकाठची ती हवा आपल्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते, आणि नेमकी तेव्हाच आपली पेरणीची घाई असते. त्या दिवसांत कुलर चालत नाही, ओले फडके चालत नाही, विसावाच घ्यावा लागतो. ४५ अंशांच्या मे महिन्यात जपलेला माणूस ३८ च्या जूनमध्ये तिफणीमागे पडू नये.

माती नमुना कसा घ्यावा ते पुढच्या अंकात सविस्तर देतो. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढे करावे : इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, एकसारख्या रानात आठ-दहा जागी, माती सावलीत वाळवून अर्धा किलो कापडी पिशवीत. आणि नमुना सकाळी सातच्या आत घ्यावा. आमचे प्रात्यक्षिक आता साडेसहाला सुरू होते, साहेब आलेले असोत वा नसोत.